तेहतीस मजल्यांवर चोवीस : शिकागोतल्या दोनदा पूर्ण झालेल्या इमारतीचा प्रकरण अभ्यास

शिकागोत मिलेनियम पार्कच्या ईशान्येला, ३०० ईस्ट रँडॉल्फ स्ट्रीट या पत्त्यावर असलेली इमारत दोनदा बांधून पूर्ण झाली. पहिल्यांदा १९९७ मध्ये : ३३ मजले, उंची ४११ फूट, म्हणजे सव्वाशे मीटर. दुसऱ्यांदा २०१० मध्ये : त्याच ३३ मजल्यांच्या डोक्यावर आणखी २४, एकूण ५७ मजले आणि ७४४ फूट, म्हणजे २२७ मीटर. दुसऱ्या टप्प्याचं काम २००७ मध्ये सुरू झालं. ते चालू असताना खालच्या मजल्यांवर कार्यालय रोजच्यासारखं भरत होतं.

इमारत हेल्थ केअर सर्व्हिस कॉर्पोरेशन या आरोग्य विमा कंपनीची. ब्लू क्रॉस ब्लू शील्ड ऑफ इलिनॉय हे तिचंच अंग, म्हणून इमारतीलाही त्याच नावाने ओळखतात. वास्तुरचनाकार दोन्ही वेळा जेम्स गेट्श. कंपनीला नव्वदच्या दशकात ३३ मजले पुरत होते, पुढे जास्त लागतील असा अंदाज होता. ५७ मजले एकदम बांधून वरचे भाड्याने द्यायचे आणि गरज पडल्यावर भाडेकरू काढायचे, हा एक मार्ग होता. शेजारी दुसरी इमारत घ्यायची हा दुसरा. कंपनीने तिसरा निवडला : आज ३३ बांधायचे, पण पाया, सांगाडा, जिने आणि लिफ्टच्या जागा ५७ मजल्यांच्या हिशोबाने ठेवायच्या.

ऐकायला सोपं वाटतं. आपल्याकडे दुमजली घर बांधताना गवंडीही विचारतो, ‘साहेब, वर चढवायचंय का पुढे? मग सळया सोडून ठेवतो.’ पण ३३ वर २४ चढवताना सळया, म्हणजे कॉलमची ताकद, हा सगळ्यात सोपा भाग असतो. खरी अडचण इतर ठिकाणी येते.

वजनाचा हिशोब आणि सगळ्यात वरचा कॉलम

पुढचे आकडे ढोबळ आहेत. प्रत्यक्ष आराखड्यातले नव्हेत, प्रश्न किती मोठा आहे ते कळावं म्हणून मांडलेले.

पोलादी सांगाड्याच्या कार्यालयीन इमारतीत स्लॅब, बीम, फॉल्स सीलिंग, पार्टिशन, माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण ७०० किलो धरू. कॉलममधलं अंतर दोन्ही दिशांना ९ मीटर धरलं, तर आतल्या एका कॉलमच्या वाट्याला ८१ चौरस मीटर येतात, म्हणजे मजल्यामागे सुमारे ५७ टन. ३३ मजल्यांचे तळाशी १,८८० टन होतात, ५७ मजल्यांचे ३,२५०. वाढीव २४ मजल्यांचा भार एका कॉलमवर १,३७० टनांच्या आसपास.

पोलादावर प्रति चौरस सेंटिमीटर २ टन भार चालवून घेतला, तर या वाढीसाठी कॉलमच्या छेदात जवळजवळ ६८५ चौरस सेंटिमीटर जादा पोलाद लागतं. मीटरला ५४० किलोच्या घरात. आणि ते तळाशीच नव्हे, जमिनीपासून १२५ मीटरपर्यंत प्रत्येक मजल्यावर तेवढंच लागतं, कारण वरून येणारे १,३७० टन प्रत्येक मजल्यातून खाली उतरतात. एका कॉलममागे हे सुमारे ६७ टन होतं. तीस कॉलम असतील तर दोन हजार टन पोलाद दहा वर्षं नुसतं उभं.

गंमत वरच्या टोकाला आहे. साध्या ३३ मजली इमारतीत शेवटच्या मजल्याच्या कॉलमवर फक्त गच्चीचा भार असतो, त्याला २८-३० चौरस सेंटिमीटरचा छेद हिशोबाने पुरतो. पुढे २४ मजले येणार असतील तर त्याच जागी ७१० चौरस सेंटिमीटर हवा, म्हणजे पंचवीसपट. तळाच्या कॉलममध्ये मात्र वाढ पावणेदोन पटीपेक्षा कमी. त्यामुळे ‘पाया मजबूत ठेवला की झालं’ हा समज चुकीचा आहे. जादा खर्चाचं प्रमाण तळापेक्षा गच्चीजवळ जास्त असतं, आणि खर्च वाचवायला बसलेला माणूस नेमकी तिथेच कात्री लावतो.

पायाचं गणित त्यामानाने स्वस्त पडतं. शिकागोची वरची जमीन मऊ चिकणमातीची आहे. उंच इमारतींचा भार खोल खोदलेल्या गोल काँक्रीट खांबांवरून खालच्या घट्ट थरावर किंवा खडकावर नेतात. अशा खांबाची ताकद छेदाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे व्यासाच्या वर्गाने वाढते. भार १.७३ पट झाला तर व्यास १.३१ पट पुरतो : दीड मीटरच्या जागी दोन मीटर. खोदाईचं यंत्र जागेवर असताना हा फरक किरकोळ असतो. इमारत उभी राहिल्यावर तेच काम तळघरात, तीन मीटर उंचीच्या छताखाली, छोट्या ड्रिलने बारीक पाइल्स (जमिनीत उतरवलेले खांब) टाकून करावं लागतं. खर्च कितीतरी पटींनी वाढतो आणि जुन्या-नव्या पाइल्सनी भार सारखा उचलावा यासाठी जॅक लावण्याची कसरत वेगळी.

वारा

शिकागोत भूकंपापेक्षा वाऱ्याचा हिशोब महत्त्वाचा. उंची १२५ वरून २२७ मीटर झाली, म्हणजे १.८१ पट. वारा सर्व उंचीवर सारखा धरला तरी तळाशी इमारत उलथवू पाहणारा मोमेंट उंचीच्या वर्गाने वाढतो : ३.३ पट. वर जावं तसा वारा जोरदार होतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्त.

कडकपणाचा प्रश्न आणखी अवघड. जमिनीत रोवलेल्या काठीसारखी इमारत धरली, तर माथ्याचं झुकणं उंचीच्या चौथ्या घाताने वाढतं, म्हणजे जवळजवळ अकरापट. झुकण्याची चालणारी मर्यादा मात्र उंचीच्या प्रमाणातच वाढते. उंची भागिले ५०० हा नेहमीचा नियम लावला तर २५० मिलिमीटरवरून ४५४. दोन्हींचा भागाकार केला की कळतं, खालच्या सांगाड्याचा कडकपणा ३३ मजल्यांना लागणाऱ्याच्या सहापट हवा. वजनाला पावणेदोन पट, वाऱ्याला सहापट. तुमची इमारत आणखी किती मजले पेलेल, असा प्रश्न आला की बहुतेक जण कॉलमची ताकद मोजतात. ताकद पुरते आणि कडकपणा पुरत नाही, अशी स्थिती उंच इमारतीत सर्रास सापडते.

कडकपणा कमी पडला म्हणून इमारत पडत नाही. पण वादळी दिवशी वरच्या मजल्यांवरच्या लोकांना मळमळतं, लिफ्टचे दोर शाफ्टच्या भिंतीवर आपटतात, काचांचे सांधे गळू लागतात. शिवाय वाऱ्याच्या बाजूच्या कॉलमांवर वर खेचणारा ताण येतो. १९९७ ते २००७ या काळात वरचं वजन नव्हतं, पण वाराही कमी उंचीला लागत होता, म्हणून प्रश्न आला नाही. बांधकाम चालू असताना मात्र मधली अवस्था वेगळी तपासावी लागते : सांगाडा वर गेलेला, वारा पूर्ण लागतोय, स्लॅब अजून भरलेले नाहीत म्हणून खाली दाबणारं वजन कमी. म्हणून पोलाद स्लॅबच्या किती मजले पुढे न्यायचं याची मर्यादा इंजिनिअर ठरवून देतो. ठेकेदाराला ती नेहमीच जाचक वाटते.

जुनी इमारत बुटकी होते

वरून भार आला की खालचे कॉलम दबतात. नव्या इमारतीत हे दबणं बांधकामाबरोबरच होत जातं आणि प्रत्येक मजल्याची पातळी पुन्हा जुळवता येते. इथे खालचे ३३ मजले काचा, पार्टिशन, पाइप, लिफ्ट यांसह पूर्ण झालेले आहेत आणि मगच दबणार आहेत.

वरच्याच ढोबळ आकड्यांनी पाहू. वाढीव भाराने येणारा ताण तळाच्या कॉलममध्ये कमी आणि ३३व्या मजल्याजवळ दुपटीहून जास्त. सरासरी काढून, प्रत्यक्षात कायम राहणारा भार निम्म्याहून थोडा जास्त धरला, तर जुन्या गच्चीची पातळी ४० ते ५० मिलिमीटर खाली येते. मजल्यामागे सरासरी दीड मिलिमीटर, वरच्या मजल्यांवर दोनच्या पुढे.

दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण बाहेरच्या काचेच्या भिंतीत दोन पॅनेलांमधला आडवा सांधा १२-१५ मिलिमीटरचा असतो. त्यातून उन्हातलं प्रसरण, स्लॅबचं वाकणं आणि बसवतानाची चूक वजा केली की हाताशी फार उरत नाही. लिफ्टचे मार्गदर्शक रूळ घट्ट बोल्टने आवळले असतील तर इमारत दबते, रूळ दबत नाहीत, आणि शेवटी ते कमानीसारखे वाकतात. म्हणून रूळ सरकत्या क्लिपांनी धरायचे. उभ्या पाइपांना दर काही मजल्यांनी पक्का आधार आणि मध्ये प्रसरण-सांधा. जिन्याच्या किंवा स्वच्छतागृहाच्या वीटभिंती वरच्या बीमला घट्ट चिकटवल्या असतील तर त्या भार घेऊ लागतात आणि तिरक्या भेगा पडतात. वर २० मिलिमीटर फट ठेवून आगरोधक मऊ भरण घालायचं. हे सगळं पहिल्याच टप्प्यात करून ठेवावं लागतं आणि कुठल्याही गच्चीवर उभं राहून ते दिसत नाही.

गाभ्याचे आणि बाहेरचे कॉलम सारखे दबले तर इतकं नडत नाही. सारखे दबले नाहीत तर स्लॅब एका बाजूला उतरतात. त्यासाठी कामाआधी प्रत्येक चार-पाच मजल्यांवर पितळी खुणा ठोकून पातळी नोंदवायची आणि दर चार-सहा नव्या स्लॅबनंतर पुन्हा मोजायची. अंदाज आणि मोजमाप यांत फरक दिसला तर काम तिथेच थांबवून कारण शोधायचं.

लिफ्टसाठी राखलेली पोकळी

या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हा. नव्या २४ मजल्यांच्या लिफ्ट जमिनीपासून सुरू होऊन ३३ मजले पार करून वर जायला हव्यात. ते शाफ्ट कुठून काढणार? चालू कार्यालयाच्या ३३ स्लॅबना भोकं पाडून? एका लिफ्टला २.५ बाय ३ मीटरची जागा धरली तर सहा लिफ्टना ४५ चौरस मीटर. गुणिले ३३ केल्यावर सुमारे १,४८५ चौरस मीटर, म्हणजे सोळा हजार चौरस फूट वापरातली जागा जाते. शिवाय प्रत्येक मजल्यावर बीम कापणं, धूळ, आवाज.

१९९७ च्या आराखड्यात उत्तर बाजूला इमारतीच्या उंचीभर जाणारी मोकळी पोकळी ठेवली होती. पहिल्या टप्प्यात ती उजेडाची आणि देखणी जागा म्हणून वापरात होती. दुसऱ्या टप्प्यात तिच्यातल्या राखीव भागात वरच्या मजल्यांच्या लिफ्ट बसल्या. स्लॅब फोडावे लागले नाहीत. रिकामी म्हणून ठेवलेली जागा सहसा टिकत नाही. कुणी तरी दोन वर्षांत तिथे फाइलींची कपाटं लावतं, मग स्लॅब टाकतं. इथे पोकळीलाच काम दिल्यामुळे तिच्यावर कुणाचा डोळा गेला नाही.

अशा लिफ्टचा खड्डा मात्र विसरून चालत नाही. वेगवान लिफ्टला शाफ्टच्या तळाशी तीन मीटर किंवा जास्त खोल खड्डा लागतो. पाया घालतानाच तो केला नसेल तर नंतर दोन खांबांच्या मधली जमीन फोडावी लागते.

पाण्याच्या पाइपांचंही असंच. १२५ मीटर उंचीला तळाशी साडेबारा बारचा दाब येतो, १६ बारचे व्हॉल्व्ह आणि फ्लँज पुरतात. २२७ मीटरला पावणेतेवीस बार. जुनी उभी लाइन तशीच वर वाढवली तर तळाचे सांधे फुटतील. उपाय दोन : पहिल्यापासून २५ बारचं साहित्य, किंवा मधल्या मजल्यावर टाकी आणि दुसरा पंप. दुसरा बहुतेक वेळा बरा, कारण अग्निशमनाच्या लाइनलाही तेच टप्पे लागतात.

आगीच्या जिन्यांची रुंदी सहसा एका मजल्यावरच्या माणसांवर ठरते, सगळ्या मजल्यांच्या बेरजेवर नाही. त्यामुळे २४ मजले वाढले म्हणून जिने रुंद करावे लागतीलच असं नाही. जिन्यात धूर शिरू नये म्हणून हवा भरणारे पंखे मात्र नव्या उंचीसाठी बदलावे लागतात.

गच्चीचा मजला होताना

जुनी गच्ची हा सगळ्यात नाजूक टप्पा. तोपर्यंत ती खालच्या लोकांचं पावसापासून रक्षण करत असते आणि आता तिलाच फोडायचं असतं. क्रम चुकला की पहिल्या पावसात पाणी खाली.

योग्य क्रम असा. आधी कॉलमच्या डोक्यावरचं आवरण एकेका ठिकाणी उघडायचं, सांध्याच्या पट्ट्या आणि बोल्टची भोकं साफ करायची, गंज आणि सरळपणा तपासायचा, आणि नव्या कॉलमचा पहिला तुकडा बसवून त्याभोवती वॉटरप्रूफिंगची कॉलर पुन्हा बंद करायची. जुनं वॉटरप्रूफिंग काढायचं नाही. त्यावर लाकडी फळ्या आणि पोलादी पत्र्यांचा संरक्षक थर घालायचा, कारण वरून पडलेला नट सगळ्यात आधी तिथेच येणार. नवे दोन स्लॅब भरून त्यांच्या कडा आणि पाण्याचे निचरे पूर्ण झाले की मगच जुना उतार, इन्सुलेशन आणि पॅरापेट (गच्चीचा कठडा) काढायला घ्यायचे. जुन्या निचऱ्याचे पाइप नव्या गच्चीचे पाइप सुरू होईपर्यंत चालू ठेवायचे.

कॉलमचे सांधे हा दुसरा मुद्दा. १९९७ चे कॉलम फॅक्टरीत तंतोतंत कापलेले असले तरी दहा वर्षांत इमारत थोडी दबलेली, थोडी कललेली असते. नवे तुकडे जुन्या ड्रॉइंगवरून बनवायचे नसतात. प्रत्येक कॉलमच्या डोक्याची जागा आणि पातळी प्रत्यक्ष मोजून पहिल्या तुकड्याची लांबी त्यानुसार ठरवायची. ५ मिलिमीटरचा फरक शिम म्हणजे पातळ पोलादी पट्ट्यांनी भरता येतो. २५ मिलिमीटरचा नाही.

गच्चीवरची यंत्रं, म्हणजे कूलिंग टॉवर, लिफ्टच्या मशीन, जनरेटरची धुराडी, यांचं काय करायचं हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं. धुराडं ३३व्या मजल्याच्या वर संपत असेल आणि त्याच्या डोक्यावर ३४वा मजला आला, तर धूर जाणार कुठे? चालू कार्यालयाची वातानुकूलन यंत्रणा एक दिवसही बंद ठेवता येत नाही, म्हणून नवी यंत्रणा सुरू केल्यावरच जुनी हलते. त्यासाठी तात्पुरती जोडणी, आणि ती करायची असते थंडीत, उन्हाळ्यात नाही.

खाली माणसं असताना

२०० मीटरवरून निसटलेला बोल्ट हवेचा विरोध सोडला तर खाली पोहोचताना ताशी २२५ किलोमीटर वेगाने आदळतो. खालच्या फुटपाथवरून लोक चालतात. त्यामुळे नव्या मजल्याभोवती जाळी, दर काही मजल्यांवर बाहेर काढलेला झेल-मंच, प्रवेशद्वारावर जाड छप्पर, आणि प्रत्येक हत्यार दोरीने बांधलेलं. जड तुकडे उचलताना त्या पट्ट्याखालचे वरचे दोन-तीन मजले रिकामे ठेवतात. म्हणून जड उचल रात्री किंवा शनिवार-रविवारी.

क्रेन जुन्या इमारतीला पोलादी कंसांनी (ब्रॅकेटांनी) जोडली तर वादळात त्या कंसांवर येणारा आडवा भार ज्या स्लॅबवर जातो तो तपासावा लागतो. १९९७ च्या आराखड्यात तो भार धरलेला असेलच असं नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या लिफ्टच्या पोकळीतून थेट खाली जातात. शाफ्टच्या तोंडावर आगरोधक झाकण आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास पहारा हवाच. खालच्या आगीच्या अलार्मचे सेन्सर धुळीने वारंवार वाजतात आणि कंटाळून कुणी तरी ते बंद करतं. ही चूक मोठी आणि नेहमीची.

तयारी नसताना काय होतं

न्यूयॉर्कच्या हर्स्ट टॉवरचा सहा मजली दगडी तळ १९२८ मध्ये बांधला गेला, वर मनोरा येणार हे गृहीत धरून. मंदी आली, मनोरा राहिला. २००६ मध्ये नॉर्मन फॉस्टरने तिथे ४६ मजली मनोरा पुरा केला, पण जुन्या सांगाड्याच्या जोरावर नाही. आतून सगळं पोखरून काढलं, नवा सांगाडा घातला आणि जुनी बाहेरची भिंत तेवढी राखली. पाऊण शतकात ऑफिसची गरज, नियम आणि पोलाद, तिन्ही बदलले होते. ‘पुढे वाढवू’ या तयारीला मुदत असते. शिकागोत ती तेरा वर्षांची निघाली, न्यूयॉर्कमध्ये संपून गेली होती.

मेलबर्नला ५५ साउथबँक बुलेव्हार्डवर उलटी वाट धरली गेली. जुन्या काँक्रीट इमारतीवर काँक्रीटचे सहाच मजले चढवता येत होते. थर चिकटवून बनवलेल्या लाकडी पॅनेलांचे दहा चढवले. असं लाकूड घनमीटरला सुमारे ५०० किलो भरतं, काँक्रीट २,४०० च्या पुढे. ताकद वाढवता येत नसेल तर वजन उतरवा, हा तिथला धडा. पण हलक्या इमारतीला वारा उलथवतो, त्याचं गणित वेगळं करावंच लागतं.

आणि दक्षिण कोरियातलं सोल. साम्पूंग डिपार्टमेंट स्टोअरचा आराखडा चार मजल्यांचा होता. बांधतानाच पाचवा चढवला. त्यावर उपाहारगृहं आणि गरम पाण्याच्या नळ्यांची तापती जमीन आली, तिच्यासाठी जादा काँक्रीट आलं. सपाट स्लॅब बीमशिवाय थेट कॉलमवर टेकलेला होता आणि कॉलम आराखड्यापेक्षा बारीक. गच्चीवरची वातानुकूलन यंत्रं स्लॅबवरून ओढत नेली गेली. २९ जून १९९५ ला स्लॅब कॉलमभोवती भोसकला गेला, म्हणजे कॉलम स्लॅबमधून आरपार घुसला, आणि इमारत कोसळली. ५०२ माणसं गेली. इथे लक्षात घ्यायची गोष्ट ही, की कॉलम मोडण्याआधी कॉलम आणि स्लॅबचा सांधा मोडला. वाढीव मजल्याच्या अहवालात कॉलमचे आकडे पानंच्या पानं असतात. स्लॅबच्या भोसकल्या जाण्याचा हिशोब दिसत नाही तो अहवाल परत पाठवावा.

पैसा

१९९७ मध्ये जादा कॉलम आणि पोकळीसाठी घातलेला एक रुपया ८ टक्के दराने २०१० पर्यंत २ रुपये ७२ पैसे होतो. म्हणजे त्या एका रुपयाने नंतर पावणेतीन रुपये वाचवले तरच तयारी फायद्याची. पाया, लिफ्टचा खड्डा, पोकळी यांच्या बाबतीत ते सहज होतं, कारण नंतर त्यांना पर्यायच नसतो. पाइप, केबल, पंप यांच्या बाबतीत होत नाही. ते तेरा वर्षांत जुने होऊन बदलायचेच असतात, त्यांच्यासाठी फक्त जागा ठेवावी. आणि वाढ झालीच नाही तर सगळा रुपया बुडीत. कंपनी स्वतःच इमारतीची मालक आणि स्वतःच राहणारी होती म्हणून हा जुगार तिला परवडला. विकून मोकळा होणारा बिल्डर तो खेळणार नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आपल्या गच्चीवरच्या सळया

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी गच्चीवरून नजर टाकली की आकाशाकडे तोंड केलेल्या सळया दिसतात. त्या वाढीची तयारी म्हणून सोडलेल्या असतात. बऱ्याच घरांत सळया सोडल्या जातात आणि खालचं फुटिंग (कॉलमखालचा पायाचा काँक्रीटचा भाग) मात्र दोन मजल्यांचंच असतं. कॉलम २३० बाय ३०० मिलिमीटरचा तोच. मग सळया म्हणजे नुसतं आश्वासन.

मुंबईच्या उपनगरांत टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) घेऊन जुन्या सोसायट्यांवर दोन-तीन मजले चढवायची पद्धत नव्वदच्या दशकापासून आहे. चार मजल्यांवर तीन, म्हणजे भारात पाऊणपट वाढ. शिकागोच्या प्रमाणाइतकीच, फक्त तयारीशिवाय. आपल्याकडे भर पडते ती भूकंपाची : भूकंपाच्या हिशोबाचं भारतीय मानक आयएस १८९३, त्याची २००२ आणि २०१६ ची आवृत्ती आली, आणि भूकंपात सांगाडा न तुटता वाकावा म्हणून सळया कशा बांधायच्या हे सांगणारं आयएस १३९२० मुळात १९९३ चं. त्याआधीच्या इमारतीत कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचे हूक ९० अंशांचे आणि रिंगांमधलं अंतर मोठं. खाली मोकळं पार्किंग असेल तर तोच मजला सगळ्यात कमजोर. वजन वाढवलं की भूकंपाचा आडवा धक्काही वाढतो आणि तो त्या पार्किंगच्या कॉलमांनी घ्यायचा असतो.

अशा कामात कॉलमला काँक्रीटचं जॅकेट चढवतात, चारही बाजूंनी किमान १०० मिलिमीटर. हमखास दिसणारी चूक : जॅकेट प्रत्येक मजल्यावर स्लॅबच्या खालच्या पातळीला थांबतं आणि वर पुन्हा सुरू होतं. स्लॅबला कोपऱ्यांत भोकं पाडून उभ्या सळया आरपार गेल्या नाहीत, आणि खाली त्या फुटिंगमध्ये उतरल्या नाहीत, तर ते जॅकेट म्हणजे जाड प्लॅस्टरच. दुसरी चूक : टेकू लावून जुन्या कॉलमवरचा भार न उतरवता जॅकेट भरणं. मग जुना भार जुनाच कॉलम उचलत राहतो आणि जॅकेटला फक्त नव्या मजल्यांचा वाटा मिळतो. हिशोब तसा केला असेल तर चालतं, पण बहुतेक वेळा दोघं मिळून सगळं उचलतात असं कागदावर धरलेलं असतं.

सोडलेल्या सळयांवर मजला चढवायचाच असेल तर पहिली कामं ही. एक-दोन फुटिंग उघडून त्यांचं माप आणि खोली प्रत्यक्ष बघा, ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नका. कॉलमचे कोअर (ड्रिलने कापलेले काँक्रीटचे गोल नमुने) काढून काँक्रीटची ताकद तपासा, पृष्ठभागावर ठोकून मोजणाऱ्या हॅमरच्या नुसत्या आकड्यावर जाऊ नका. सळई घासून उरलेला व्यास कॅलिपरने मोजा. १६ मिलिमीटरची सळई १४ वर आली असेल तर छेदाचा जवळजवळ चौथा हिस्सा गेलेला आहे. जोडाला व्यासाच्या ५० पट, म्हणजे ८०० मिलिमीटर लांबी लागते. गच्चीवर दिसणारी सळई सहसा फूट-दीड फुटाची असते, तेव्हा जोड पुरत नाही. मग कॉलमचं काँक्रीट काळजीपूर्वक खाली फोडून चांगली सळई उघडी करायची किंवा दोन सळया मेकॅनिकल कपलरने जोडायच्या. पाच-दहा वर्षं चढवायचं नसेल तर आजच त्या सळयांना सिमेंटच्या पाण्याचा हात देऊन भोवती कच्च्या काँक्रीटचं छोटं आवरण भरून ठेवा. नंतर ते हातोड्याने फोडता येतं आणि आतली सळई जशीच्या तशी मिळते.